पन्नाशीच्या पतसंस्थेचा इतिहास लिहायचा आहे, दप्तर अपुरे आहे आणि एक वाईट काळही आहे: काय करावे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला देतो आहे हे वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या गावातली ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था १९७७ च्या सुमाराला नोंदली गेली आणि आता तिला पन्नास वर्षे होत आहेत. स्मरणिकेसाठी इतिहास लिहून द्या, असे संचालक मंडळाने तुम्हाला सांगितले आहे. तुमच्या हाती काही छापील वार्षिक अहवाल, अध्यक्षांचे फोटो आणि उद्घाटनाची कोनशिला एवढेच आहे. जुने दप्तर निम्मे सापडत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोनेक वर्षे संस्थेला ठेवी वेळेवर परत देता आल्या नव्हत्या आणि तो भाग गाळावा असे मंडळाचे मत आहे. साधने कुठून आणायची आणि तो काळ लिहायचा की नाही, हे तुम्ही विचारले आहे.

माझी नोकरी सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून झाली. तिचा बराचसा काळ गावोगावच्या सोसायट्या आणि पतसंस्थांच्या किर्दी-खतावण्या, म्हणजे रोजच्या नोंदींच्या आणि खातेवार हिशेबाच्या वह्या, तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर काही संस्थांना असे इतिहास लिहायला मदत केली. त्यावरून सांगतो, दप्तर अपुरे असणे ही तुमची खरी अडचण नाही. हा इतिहास कोणाचा आहे हे अजून ठरलेले नाही, ही खरी अडचण आहे. तो अध्यक्षांचा आणि इमारतीचा असेल, तर हातात आहे तेवढे पुरे. पण पतसंस्था म्हणजे गावकऱ्यांचा एकमेकांकडे दिलेला पैसा. कोणाकडून आला, कोणाला दिला, परत आला का, आणि नाही आला तेव्हा संस्थेने काय केले, हाच तिचा इतिहास. एकदा हे ठरले की कुठले कागद शोधायचे ते आपोआप ठरते, आणि वाईट काळाचे उत्तरही त्यातच मिळते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्या काळातल्या व्यवहारांबद्दल महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ ची, म्हणजे नुकसानीची जबाबदारी ठरवणारी, चौकशी किंवा न्यायालयातला दावा अजून चालू असेल, तर लिहिण्याची पद्धत बदलते. संस्था आज भक्कम असेल तर मोकळेपणाने लिहिता येते. आजही ओढाताण असेल तर शब्दाशब्दाचा विचार करावा लागतो, कारण ठेवीदार स्मरणिका इतिहास म्हणून वाचत नाहीत, आपल्या पैशाची खबर म्हणून वाचतात. हे तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाही. संस्था आज व्यवस्थित चालू आहे आणि चौकशी प्रलंबित नाही, असे धरून पुढचे सांगतो.

पहिले प्रकरण बहुतेक स्मरणिकांत एकसारखे असते: सावकारी पाशातून गावाला सोडवण्यासाठी संस्था स्थापन झाली. हे वाक्य तपासल्याशिवाय लिहू नका. सहकारी पतपुरवठ्याचा उगम सावकारीविरुद्धच्या असंतोषात आहे, हे खरे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, ते लोण आसपासच्या गावांत गेले, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा त्यातून आला. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली अन्योन्य सहकारी मंडळी काढली, ती देशातली पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. त्यात ग्रामीण संस्थेची जबाबदारी अमर्यादित होती, म्हणजे संस्था बुडाली तर सभासदाच्या घरादारावर येई. शेजारी शेजाऱ्याच्या कर्जावर लक्ष ठेवील, असा त्यामागचा हिशेब. हा कायदा फक्त कर्ज पुरवणाऱ्या संस्थांपुरता होता; ती मर्यादा १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने काढली आणि इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही नोंदणी मिळू लागली.

पण तुमची संस्था १९७७ ची आहे. तोवर तुमच्या गावात विविध कार्यकारी सोसायटी होती आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेतून पीककर्ज मिळत होते. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर तालुक्याला बँकेची शाखाही आली असेल. मग पतसंस्था कशाला लागली? सोसायटी शेतीला कर्ज देई. ज्याच्याकडे सातबारा नाही अशा किराणा दुकानदाराला, शिंप्याला, सुताराला, हॉटेलवाल्याला, वडापवाल्याला तिथे जागा नव्हती. राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर त्याची ओळख देणारा कोणी नव्हता. आणखी एक कारण स्मरणिकांत जवळजवळ कधीच येत नाही. लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे माफ करणारा कायदा महाराष्ट्रात १९७५ साली झाला. माफी मिळाली, पण त्यानंतर अनेक ठिकाणी सावकाराने नवे कर्ज देताना हात आखडता घेतला. आजारपणाला, लग्नाला, मोतिबिंदूच्या ऑपरेशनला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहिला. तुमच्या गावात तसे झाले होते का, हे त्या वेळच्या सभासदांना विचारा. झाले असेल तर संस्थेच्या स्थापनेचे ते नेमके कारण आहे आणि फक्त तुमच्याच इतिहासात येऊ शकेल असे आहे.

आता दप्तराकडे येऊ. नोंदणी प्रमाणपत्र आणि मूळ पोटनियम, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नियम, आधी मिळवा. नोंदणी क्रमांकात ‘आरएसआर’ आणि ‘सीआर’ अशी अक्षरे असली तर त्यावरून साधनसंपत्ती संस्था, पतपुरवठा हा तिचा वर्ग कळतो. पोटनियमांतले कार्यक्षेत्राचे कलम नीट वाचा. सुरुवातीला एकच गाव, मग पाच गावे, मग तालुका, मग जिल्हा असे ते वाढलेले असते, आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख म्हणजे संस्थेच्या महत्त्वाकांक्षेची तारीख असते. नव्वदच्या दशकात अडचणीत आलेल्या ज्या संस्था मी तपासल्या, त्यांतल्या बऱ्याच संस्थांचे कार्यक्षेत्र त्याआधीच्या थोड्या वर्षांत झपाट्याने वाढलेले होते. तुमच्याकडेही ते पडताळून पाहा.

दुसरा कागद सभासद नोंदवहीचा, म्हणजे ‘आय’ नमुन्याचा. तिच्याइतका बोलका कागद पतसंस्थेत दुसरा नाही. त्यात प्रवेशाची तारीख, वय, व्यवसाय, पत्ता, वारस, सभासदत्व संपल्याची तारीख आणि कारण अशा नोंदी असतात. पहिली शंभर-दोनशे नावे व्यवसायानुसार वेगळी करा. संस्था व्यापाऱ्यांनी काढली की शिक्षकांनी, की गावातल्या एका गटाने दुसऱ्या गटाच्या सोसायटीला पर्याय म्हणून, हे तिथे दिसते. पहिली महिला सभासद कोणत्या साली आली ते पाहा. गावाच्या कोणत्या वस्तीतली नावे पहिल्या दहा वर्षांत आलीच नाहीत, तेही पाहा. ‘सर्व समाजघटकांना सोबत घेऊन’ असे वाक्य लिहायचे असेल तर ते या वहीतून सिद्ध झाले पाहिजे, नाहीतर ते लिहू नये.

तिसरे इतिवृत्त. प्रोसिडिंग बुकात ठराव ठरलेल्या साच्यातले असतात, त्यामुळे वाचताना कंटाळा येतो. पण सूचक-अनुमोदक कोण, कर्ज नामंजूर कोणत्या कारणाने झाले, कोणत्या महिन्यात एकापाठोपाठ एक सभा झाल्या, हे टिपत गेलात की साच्याखालचे दिसू लागते.

हे कागद संस्थेत नसतील तर हताश होऊ नका. पोटनियम, त्यांच्या दुरुस्त्या आणि लेखापरीक्षण अहवाल यांच्या प्रती तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा उपनिबंधक कार्यालयात जात असत. लेखापरीक्षण विभागाकडेही अहवालाची प्रत असे. त्याच अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला ठरावीक कागद पाहण्याचा आणि प्रती घेण्याचा हक्क आहे, म्हणून तुम्ही स्वतः सभासद असाल तर तसा अर्ज करा. सहकारी संस्था स्वतः सार्वजनिक प्राधिकरण नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले, पण निबंधकाचे कार्यालय माहिती अधिकाराखाली येते. तेव्हा माहितीचा अर्ज संस्थेला न करता तिकडे करा. जुनी दप्तरे कसर लागून गेलेली असतील तर तसे लेखी उत्तर मागा, म्हणजे स्मरणिकेत ‘या वर्षांचे कागद उपलब्ध नाहीत’ असे प्रामाणिकपणे लिहिता येईल.

लेखापरीक्षण अहवाल मिळाले तर नुसता ऑडिट वर्ग उतरवून घेऊ नका. ‘सतत अ वर्ग’ हे वाक्य स्मरणिकेत शोभते, पण खरी माहिती लेखापरीक्षकाच्या मेमोतल्या शेऱ्यांत आणि ‘ओ’ नमुन्यातल्या दोषदुरुस्ती अहवालात असते. एकच दोष चार वर्षे सलग दाखवला आणि चारही वर्षी ‘पूर्तता करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, तर संस्थेचा कारभार कसा चालला होता ते तिथेच कळते. उलट, लेखापरीक्षकाने एकदा तारणाची कागदपत्रे अपुरी म्हटली आणि पुढच्या वर्षी तो शेरा नाहीसा झाला, तर त्या वेळच्या व्यवस्थापकाचे आणि मंडळाचे नाव घेऊन कौतुक करा.

आकडे वाचताना दोन-तीन गोष्टींची काळजी घ्या. जुने ताळेबंद ३० जूनचे असतात आणि पुढचे ३१ मार्चचे. बदलाचे वर्ष अपुरे भरते, म्हणून त्या वर्षाचा नफा आधीच्या वर्षाशी तुलनेला घेऊ नका. ठेवी हजारांतून कोटींत गेल्या हा आलेख सगळेच छापतात, पण त्यातला मोठा भाग रुपयाची किंमत घटल्याचा असतो. त्यापेक्षा स्वनिधी (भागभांडवल आणि राखीव निधी असा संस्थेचा स्वतःचा पैसा) आणि ठेवी यांचे प्रमाण, कर्ज आणि ठेवी यांचे प्रमाण, आणि येणे कर्जात थकबाकी किती, ही तीन प्रमाणे दर पाच वर्षांनी मांडा. राखीव निधीला दरवर्षी नफ्याचा निदान चौथा हिस्सा जायला हवा, तो गेला का ते बघा. वसूल न झालेले व्याज उत्पन्नात धरून नफा वाढवला होता की त्याची तरतूद केली होती, हेही बघा. लाभांश देता यावा म्हणून कागदावर वाढवलेला नफा मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि पुढच्या अडचणीचे मूळ बहुतेकदा त्या वर्षात सापडते.

‘नवे-जुने’ हा प्रकार तुम्हाला माहीत असेलच. थकलेले कर्ज नव्या कर्जातून भरून घ्यायचे, म्हणजे वर्षअखेरीला थकबाकी कमी दिसते. ते ओळखायचे असेल तर वर्षाच्या शेवटच्या आठवड्याची आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्याची किर्द समोरासमोर ठेवा. एकाच खातेदाराच्या नावे कर्जाची वसुली आणि नवे कर्ज दोन-चार दिवसांच्या अंतराने पडले असेल, तर वसुली झालेली नाही. ज्या वर्षी कर्जवाटप एकदम वाढले आणि थकबाकी एकदम घटली, त्या वर्षावर खूण करून ठेवा.

संस्थेबाहेरच्या घटना त्याच तक्त्यात शेजारी लिहा. तुमचे गाव सातारा, कोल्हापूर किंवा कोकणाकडचे असेल, तर जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप त्यात आलाच पाहिजे. मुंबईहून येणारी मनीऑर्डर थांबली आणि गिरणीतला माणूस गावी परतला, की पतसंस्थेत दोन गोष्टी घडतात: घरच्यांच्या बचती मोडल्या जातात, आणि परतलेला माणूस रिक्षा, पिठाची गिरणी किंवा टपरीसाठी कर्ज मागायला येतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत बाद नोटा घेण्याची मुभा जिल्हा मध्यवर्ती बँकांना काही दिवसांतच नाकारली गेली. पतसंस्थांची खाती बहुधा तिथेच, त्यामुळे त्या कोंडीत सापडल्या. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद, म्हणून पिग्मी, म्हणजे एजंटाने दुकानोदुकानी फिरून रोज गोळा करायची छोटी बचत, बंद. तुमच्या संस्थेच्या पिग्मी संकलनाच्या मासिक बेरजा मिळाल्या, तर गावच्या बाजारपेठेचा पन्नास वर्षांचा इतिहास त्यात आहे. या तक्त्यावर वेळ द्या. इतर संस्थांच्या स्मरणिकांत तो मला क्वचितच दिसला.

आता तुमचा अवघड प्रश्न. ठेवी थकल्या तो काळ लिहावा का? माझे मत स्पष्ट आहे: लिहावा, आणि नीट लिहावा. गावात तो काळ कोणीही विसरलेले नाही. ज्याच्या मुलीचे लग्न ठेव न मिळाल्यामुळे पुढे ढकलावे लागले, तो तुमची स्मरणिका हातात घेऊन आधी तेच वर्ष उघडेल. तिथे कोरे दिसले तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखे ठेव विम्याचे संरक्षण नसते. बँकेतल्या ठेवीला आज ५ लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाख होता. पतसंस्थेच्या ठेवीदाराला संचालकांचा शब्द आणि संस्थेची वसुली हाच मुख्य आधार असतो. म्हणून तो शब्द पाळला गेला की नाही, याची नोंद ठेवणे मला संस्थेचे कर्तव्यच वाटते.

लिहिताना कारण आधी शोधा. माझ्या अनुभवात कारणे फार थोडी असतात. कमी मुदतीच्या ठेवी घेऊन लांब मुदतीची कर्जे दिलेली असतात. थोड्याच कुटुंबांत किंवा एकाच धंद्यात कर्ज साचलेले असते. गुंतवणूक दुसऱ्या संस्थेत ठेवलेली असते आणि ती संस्था अडकते. किंवा शेजारच्या गावची पतसंस्था बुडाल्याची बातमी येते, दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात रांग लागते, आणि चांगली वसुली असलेली संस्थाही रोखीअभावी थबकते. यातले कोणते घडले ते ताळेबंद आणि इतिवृत्त जुळवून कळते. कारण कळले की दोषारोपाचा सूर आपोआप उतरतो.

मग काय केले ते लिहा. एका संस्थेच्या इतिवृत्तात मला असा ठराव मिळाला होता: लहान ठेवी आधी द्याव्यात, दवाखान्याचा कागद आणणाऱ्याला रांगेबाहेर द्यावे, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या ठेवी सर्वांत शेवटी. एका पानात मावलेला हा ठराव. त्या संस्थेच्या पन्नास वर्षांत याहून मोठी गोष्ट मला दिसली नाही, आणि ठेवी थकल्याचे कबूल करावे लागेल म्हणून मंडळ तो गाळायला निघाले होते. तुमच्या इतिवृत्तातही असे काही असेल. थकबाकी वसूल करण्यासाठी निबंधकाकडून कलम १०१ चे वसुली दाखले किती मिळवले, जप्तीपर्यंत किती प्रकरणे गेली, शेवटची थकलेली ठेव कोणत्या साली दिली गेली, हे आकड्यांत सांगा. संचालकांनी स्वतःच्या ठेवी आधी काढून घेतल्या असे दिसले तर तेही खोडू नका, मात्र नाव न घेता ‘त्या काळात संबंधितांच्या काही ठेवी मुदतीआधी परत गेल्याचे दिसते’ एवढे लिहा.

नावांबाबत मी फार कडक आहे. थकबाकीदाराचे, जामीनदाराचे किंवा ठेवीदाराचे नाव त्यांच्या परवानगीशिवाय छापू नये, कितीही जुने झाले तरी. जबाबदारी ठरवणारा आदेश अंतिम झालेला नसेल तर कोणावरही ठपका येईल असे वाक्य नको. आदेश अंतिम असला तरी त्याचा क्रमांक आणि दिनांक देऊन तेवढेच सांगा. मंडळाला पटवताना हाच मुद्दा पुढे करा. त्यांची भीती बहुतेक वेळा माणसांच्या नावांची असते, काळ लिहिण्याची नसते.

नगर जिल्ह्यातल्या लोणीचे उदाहरण मंडळाला जरूर सांगा. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावात पतपेढी काढली, त्या कामातून गावाला एकत्र व्यवहाराची सवय लागली आणि पुढे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बडोद्याच्या अन्योन्य मंडळीचेही सांगा. ती पुढे बँक झाली आणि या शतकात रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. पहिलेपणाचा मान असलेल्या संस्थेचा शेवटही इतिहासात लिहिला जातोच. मग तुमची संस्था तर अडचणीतून बाहेर आली आहे.

माणसांकडून माहिती घेताना माजी अध्यक्षांच्या आधी जुना पिग्मी एजंट, कॅशियर आणि शिपाई यांना भेटा. एजंटाला प्रत्येक दुकानाचा चांगला-वाईट काळ पाठ असतो. त्यांना ‘संस्थेबद्दल काय वाटते’ असे विचारू नका. पहिले कपाट कुणी दिले, पहिल्या खोलीचे भाडे किती होते, रांग लागली त्या दिवशी तिजोरीची किल्ली कोणाकडे होती, असे विचारा. ऐकलेली तारीख इतिवृत्ताशी जुळवल्याशिवाय छापू नका. जुळली नाही तर ‘असे सांगितले जाते’ म्हणून लिहा.

थोडक्यात क्रम असा ठेवा: निबंधक कार्यालयातून पोटनियम आणि अहवालांच्या प्रती, मग ‘आय’ नमुना, मग दर पाच वर्षांचा तक्ता, मग इतिवृत्त, आणि हे सगळे हातात आल्यावर मुलाखती. लेखन झाल्यावर मसुदा आधी संस्थेच्या लेखापरीक्षकाकडून आकड्यांसाठी आणि वकिलाकडून वाईट काळाच्या प्रकरणासाठी तपासून घ्या, मंडळापुढे त्यानंतरच ठेवा. अर्ज उद्याच करा. कार्यालयातून जुनी प्रत मिळायला किती महिने लागतील ते तिथल्या अभिलेख कक्षावर अवलंबून असते, आणि स्मरणिकेची तारीख पुढे जात नाही.